गाणाऱ्याला मानचिन्ह, मालकाला उत्पन्न

संगीत-व्यवसायाचा वार्षिक पुरस्कार सोहळा दूरचित्रवाणीवर चालू असतो, तेव्हा वसई-विरारमधील काही घरांत तो जरा निराळ्या नजरेने पाहिला जातो. नालासोपाऱ्याच्या चाळीत राहणाऱ्या कोरस गायकाने किंवा विरार पूर्वेच्या ढोलकीवाल्याने मंचावर वाजणारे गाणे रेडिओवर ऐकलेले असते, इतकेच नसते. त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला तो स्वतः हजर असू शकतो. एका पाळीचे पैसे घेऊन, रात्रीची शेवटची विरार लोकल पकडून तो घरी आलेला असतो आणि पुढे त्या गाण्याचा व त्याचा संबंध संपलेला असतो. निवेदक पाकीट फोडतो, संगीतकाराचे नाव वाचतो, टाळ्या होतात. जाहिरात लागते. घरातील लहान मूल विचारते, यात तुमचे नाव कुठे आहे? या प्रश्नाला त्या घरात उत्तर नसते, आणि संगीत-व्यवसायाजवळही नसते.

मुंबईतील घरभाड्यांनी श्रमजीवी माणसाला बोरिवली-दहिसर ओलांडून खाडीपलीकडे ढकलले, तेव्हा त्या लोंढ्यात गिरणी कामगार होता, कारकून होता, फेरीवाला होता. तसाच चित्रपट आणि मालिकांच्या धंद्यात रोजावर राबणारा माणूसही होता. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली. नायगाव-कामण भागात मालिकांचे सेट उभे राहिले. ज्या उद्योगाचा झगमगाट वांद्रे-जुहूला दिसतो, त्याची मजूरवस्ती या तालुक्यात आहे. म्हणून पुरस्कार सोहळ्याचा विचार वसईतून करणे यात काही विक्षिप्तपणा नाही. कारखान्याचा ताळेबंद कामगारवस्तीतून वाचला म्हणजे जास्त स्पष्ट दिसतो.

या सोहळ्यांवर दरवर्षी टीका होते. पण ती बहुधा चुकीच्या जागी होते. अमक्याला पुरस्कार मिळाला तो अन्याय झाला, तमक्याचे गाणे अधिक चांगले होते, परीक्षक विकले गेले, असा तिचा सूर असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये गीतलेखनाचा फिल्मफेअर पुरस्कार ‘गली बॉय’ या चित्रपटाला मिळाला, तेव्हा ‘केसरी’चे गीतकार मनोज मुंतशिर यांनी यापुढे कोणत्याही पुरस्कार सोहळ्याला जाणार नाही असे जाहीर केले, आणि त्यावर देशभर हिरिरीने वाद झाला. कोणते गीत श्रेष्ठ, हा वाद रसिकांनी खुशाल घालावा. परंतु त्याच वेळी या देशातील गीतकार आणि संगीतकार रेडिओ कंपन्यांकडून आपला कायदेशीर वाटा मिळावा म्हणून न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत होते, आणि त्या झगड्याबद्दल शंभरातील एकानेही चर्चा केली नाही. सोहळ्याचे खरे यश यातच आहे. कोणाला मान मिळावा यावर समाजाला भांडायला लावून कोणाला पैसा मिळतो हा प्रश्न तो नजरेआड करतो.

या संस्थेचा इतिहास पाहिला तर ही गोष्ट प्रारंभापासूनच दिसते. फिल्मफेअर पुरस्कार १९५४ साली मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात पहिल्यांदा दिले गेले. पुरस्कार देणारे नियतकालिक टाइम्स समूहाचे होते आणि आरंभी त्यांना टाइम्सच्या चित्रपट-समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्यावरून क्लेअर पुरस्कार म्हणत. पुरस्कार फक्त पाच होते. त्यात संगीत-दिग्दर्शकाचा एक होता, तो ‘बैजू बावरा’साठी नौशाद यांना मिळाला. गाणाऱ्याला पुरस्कार नव्हता, लिहिणाऱ्याला नव्हता, वाजवणाऱ्याची तर गोष्टच नको. ज्या चित्रपटाची सारी कीर्ती गाण्यांवर उभी, त्याचे गायक प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवणार, अशी ही व्यवस्था होती.

ती बदलली कशी? १९५७ साली ‘चोरी चोरी’च्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांना पुरस्कार मिळाला आणि समारंभात त्यातील गाणे लता मंगेशकरांनी गावे अशी संगीतकारांची इच्छा होती. लताबाईंनी नकार दिला. पार्श्वगायकाला तुमच्याकडे पुरस्कारच नाही, तर मग गाण्यासाठी पार्श्वगायक कशाला हवा, असा त्यांचा साधा युक्तिवाद होता. १९५९ साली पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला पुरस्कार ‘मधुमती’साठी त्यांनाच मिळाला, गीतलेखनाचाही त्याच वर्षी सुरू होऊन तो ‘यहुदी’साठी शैलेंद्र यांच्याकडे गेला. कामगार चळवळीच्या भाषेत याला काम बंद ठेवणे म्हणतात. लताबाईंचे राजकीय विचार समाजवाद्यांशी जुळणारे नव्हते, हे कोणी सांगण्याची गरज नाही. परंतु श्रम रोखून धरल्याशिवाय मालक हलत नाही, हे त्यांना पक्के कळले होते. तो पुरस्कार निवेदनाने मिळाला नाही, नकाराने मिळाला.

परंतु या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग सांगायचा राहून जातो. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतील वाद्यवृंदाची मांडणी सेबॅस्टियन डिसोझा हे गोमंतकीय संयोजक लिहून काढत असत. व्हायोलिनच्या त्या लाटा, मध्यंतरीचे ते सुरांचे तुकडे श्रोत्यांच्या कानांत साठ वर्षे राहिले. सेबॅस्टियन यांचे नाव मात्र त्यांतील किती जणांच्या कानांवर गेले? अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही गोव्याहून आलेली माणसे त्याच पंगतीतली. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकायची, मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजवायचे आणि दिवसा स्टुडिओत हिंदी गाण्यांना देह द्यायचा, असे त्यांचे आयुष्य गेले. ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने अशा वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली ग्रंथ लिहिला, तेव्हा कुठे त्यांचे काम पुस्तकात आले. १९५९ साली पुरस्कारांचे दार गायक व गीतकारांपुरते किलकिले झाले आणि वादक बाहेरच राहिले.

ते का, याचे उत्तर रसिकतेत शोधून सापडणार नाही. ते सौदाशक्तीत आहे. बाजारात ज्याची जागा दुसरा घेऊ शकत नाही, त्याच्यापुढे मालकाला झुकावे लागते. लता मंगेशकरांना पर्याय नव्हता, म्हणून त्यांनी १९६०च्या दशकात ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतील वाटा मागितला तेव्हा तो प्रश्न नुसता झटकून टाकता आला नाही. त्या वेळी महंमद रफी यांनी विरुद्ध भूमिका घेतली. गाणे गायले, पैसे घेतले, हिशोब संपला, असे ते म्हणत. रफी हे अत्यंत उदार अंतःकरणाचे गृहस्थ होते आणि त्यांच्या सात्त्विकपणाबद्दल कोणाचे दुमत नाही. पण अर्थशास्त्र सात्त्विकपणाने बदलत नाही. त्यांच्या भूमिकेचा लाभ कंपन्यांना झाला. दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत, एवढेच लोकांच्या स्मरणात राहिले. भांडण कशावरून झाले ते विस्मरणात गेले.

कोरसमधील गायिकेला आणि चौथ्या रांगेतील व्हायोलिनवाल्याला असा एकट्याने सौदा करता येत नाही. त्यांची शक्ती संघटनेतच असते. सिने म्युझिशियन्स असोसिएशनने १९५०च्या दशकापासून पाळीचे दर ठरवून घेतले, वादकांच्या श्रेणी लावल्या, आणि पन्नास-पन्नास वादकांचा ताफा ध्वनिमुद्रणाला लागत होता तोवर त्या दरांना अर्थ होता. १९९०नंतर संगणक आला, एकेक वाद्य सुटे सुटे ध्वनिमुद्रित होऊ लागले, कळफलकाच्या एका यंत्रातून अख्खा वाद्यवृंद निघू लागला. गिरणीत स्वयंचलित माग आले तेव्हा जे झाले तेच इथेही झाले. फरक इतकाच की गिरणी कामगारांचा संप झाला, त्याचे मोर्चे निघाले, त्याच्यावर पुस्तके लिहिली गेली; वादक मात्र एकेकटे, गुपचूप घरी बसले. त्यांतील कित्येकांनी पुढे लग्नाच्या बँडमध्ये नाही तर ऑर्केस्ट्रात पोट भरले.

आता कायद्याकडे वळणे भाग आहे. कारण मानापमानाचा हा खेळ पोटाशी नेमका कुठे जोडला जातो ते तिथे कळते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात असा निर्णय दिला की चित्रपटासाठी मोबदला घेऊन रचलेल्या गीत-संगीताचा मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माता. त्या निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक टिपण जोडले. भारतीय संगीताचा प्राण गाणाऱ्याच्या गळ्यात असताना इथला कायदा मात्र कागदावर उतरलेल्या स्वररचनेला संरक्षण देतो आणि गाणाऱ्याला वाऱ्यावर सोडतो, ही विसंगती त्यांनी दाखवली आणि संसदेने ती दूर करावी असे सुचवले. संसदेला त्यासाठी सतरा वर्षे लागली. १९९४च्या दुरुस्तीने कलाप्रयोग करणाऱ्याचा हक्क मान्य झाला. पण चित्रपटासाठी गाण्यास एकदा संमती दिली की तो हक्क निकालात निघत असे, म्हणजे एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले.

खरा बदल २०१२ साली झाला. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी गीतकार-संगीतकारांची बाजू मांडली, मे महिन्यात दोन्ही सभागृहांनी दुरुस्ती संमत केली आणि २१ जूनपासून ती अमलात आली. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर होणाऱ्या वापराखेरीज अन्य प्रत्येक वापरात गीतकार आणि संगीतकार यांना मालकाच्या बरोबरीने रॉयल्टीचा वाटा मिळेल, आणि हा हक्क करारात लिहून घेऊनही काढून घेता येणार नाही, असे त्या दुरुस्तीने ठरवले. अडलेला माणूस कशावरही सही करतो हे ज्या कायद्याने ओळखले, असे कायदे या देशात फार नाहीत. गायकांनाही व्यापारी वापरातील रॉयल्टीचा हक्क मिळाला. या दुरुस्तीचे श्रेय त्यासाठी झगडलेल्यांना मोकळेपणाने दिले पाहिजे.

आणि तरीही त्याच दुरुस्तीत एक परंतुक घुसवले आहे, ते प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षपूर्वक वाचावे. चित्रपटातील ज्याचा सहभाग प्रासंगिक किंवा आनुषंगिक स्वरूपाचा आहे आणि ज्याचे नाव श्रेयनामावलीत रीतसर नोंदवलेले नाही, तो या कायद्याच्या दृष्टीने कलाप्रयोग करणारा ठरत नाही. त्याला उरतो तो केवळ नैतिक हक्क. सहभाग प्रासंगिक की महत्त्वाचा, हे ठरवताना कोणाचा शब्द चालणार, ते वेगळे सांगावयास नको. श्रेयनामावली कोण तयार करतो? निर्माता. म्हणजे ज्याने पैसे द्यायचे, त्याच्याच हातात घेणेकऱ्याचे नाव लिहिण्याची लेखणी आहे. नालासोपाऱ्याच्या त्या घरात मुलाने विचारलेला प्रश्न भाबडा नव्हता. यात तुमचे नाव कुठे आहे, हा प्रश्न यात तुमचा वाटा कुठे आहे, याच प्रश्नाचे पहिले कलम आहे.

आता सोहळा भरवणाऱ्यांचे पाहा. रेडिओ मिरची ही वाहिनी एंटरटेन्मेंट नेटवर्क (इंडिया) लिमिटेड या टाइम्स समूहातील कंपनीची. २००९ सालापासून या वाहिनीने संगीताचे स्वतंत्र पुरस्कार सुरू केले. संगीताबद्दल इतका कळवळा असलेली ही कंपनी त्याच्या आधीच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात होती. सुपर कॅसेट्स इंडस्ट्रीज, म्हणजे टी-सीरीज, या कंपनीशी तिचा वाद होता तो गाणी वाजवण्याच्या परवान्याचा आणि त्यासाठी द्यायच्या पैशांचा. रेडिओ कंपन्यांचे म्हणणे असे, की ध्वनिमुद्रिका कंपन्या फार मागतात. त्या वादाचा पुढचा टप्पा कॉपीराइट मंडळापुढे गेला आणि २५ ऑगस्ट २०१० रोजी मंडळाने ठरवले की रेडिओ कंपन्यांनी आपल्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के रक्कम ध्वनिमुद्रणांच्या मालकांना द्यावी. ज्या मालावर दुकान चालते त्या मालाची किंमत शंभरात दोन! किराणा दुकानदाराला हा दर सांगितला तर तो हसेल. सरस्वतीच्या मूर्तीपुढे दीप लावून संगीताचा गौरव करायचा आणि दुसऱ्या दिवशी वकिलामार्फत संगीताचा भाव पाडायचा, ही एकाच हिशोबवहीची दोन पाने आहेत. सोहळा हा जाहिरातखर्च आहे आणि खटला ही कच्च्या मालाच्या खरेदीतील घासाघीस आहे.

यात ध्वनिमुद्रिका कंपन्यांची कणव येण्याचे काही कारण नाही. एच.एम.व्ही.ने अनेक दशके मक्तेदारी भोगली; १९८०च्या दशकात कॅसेट आली, गुलशन कुमार यांच्यासारखे नवे व्यापारी आले, आणि काही काळ असे वाटले की बाजार मोकळा झाला. गावोगावच्या भजनी मंडळींच्या, लोकगायकांच्या कॅसेटी निघाल्या. मग जुन्या मक्तेदाराच्या शेजारी नवा मक्तेदार बसला. भांडवलाच्या केंद्रीकरणाचा नियम संगीताला अपवाद करत नाही. इंडियन म्युझिक इंडस्ट्री या भारदस्त नावाची जी संस्था आहे, तीही या ध्वनिमुद्रिका कंपन्यांची संघटना आहे. नावातील ‘म्युझिक’ शब्दावरून तिथे गवई बसले असतील असा समज कोणी करून घेऊ नये. रेडिओ कंपनी आणि ध्वनिमुद्रिका कंपनी यांच्या भांडणात दोन व्यापारी एका मालाच्या भावावर घासाघीस करत होते. गीतकाराचा वाटा रेडिओने द्यावा की नाही, हा प्रश्न त्यानंतरही कोर्टात लोंबकळत राहिला. २०१२च्या दुरुस्तीनंतर तो द्यावाच लागेल असा अंतरिम निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने दिला तो एप्रिल २०२३ मध्ये. मधल्या अकरा वर्षांत पुरस्कार सोहळे मात्र होतच राहिले.

काही सुज्ञ मंडळी म्हणतात, खासगी कंपन्यांचा खासगी समारंभ आहे, इतरांनी त्यात नाक का खुपसावे? खासगी असता तर प्रश्न नव्हता. १५ फेब्रुवारी २०२० रोजी फिल्मफेअरचा सोहळा गुवाहाटीत झाला आणि आसाम शासनाच्या पर्यटन विभागाने त्याचे यजमानपद घेतले. नागरिकत्व कायद्याविरोधी आंदोलनात त्याच शहरात गोळीबार होऊन माणसे मेली, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. जानेवारी २०२४ मध्ये हा सोहळा गुजरात पर्यटनाच्या सहभागाने गांधीनगरला गेला. पर्यटन खात्याची तिजोरी करदात्याची असते. ज्या कंपन्या कलावंताला दोन टक्क्यांसाठी कोर्टात खेचतात, त्यांच्या मेजवानीचा मंडप सरकारने घालावा, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते?

आता चळवळीतील मित्रांशी थोडे बोलणे आवश्यक आहे. कारण शत्रूपेक्षा मित्राची चूक जास्त महाग पडते. वसईत अधूनमधून एक मागणी ऐकू येते. कोळीगीतांना, वाडवळ व सामवेदी समाजाच्या लग्नगीतांना, वारली समाजाच्या तारप्याला या राष्ट्रीय पुरस्कारांत स्वतंत्र विभाग हवा. बहुजनांच्या संगीताला प्रतिनिधित्व हवे. मागणीमागील भावना निर्मळ आहे. मुंबईच्या नकाशात खाडीपलीकडच्या माणसाला जसे स्थान नाही तसेच त्याच्या गाण्यालाही नाही, हा सल खरा आहे. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या हळदीच्या रात्री वाजणाऱ्या सुरांवर चित्रपटांनी किती गाणी बेतली, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

परंतु विभाग मिळाला तर काय होईल, याचा विचार शेवटपर्यंत करावा. लोकगीताला कायद्याने कर्ता नाही. ते ज्याने ध्वनिमुद्रित केले तो त्या ध्वनिमुद्रणाचा निर्माता, आणि कायद्याच्या लेखी निर्माता हाच त्या ध्वनिमुद्रणाचा कर्ता. त्याची मालकी प्रसिद्धीपासून साठ वर्षे. एखाद्या वस्तीवरील आजीने आपल्या आईकडून ऐकलेली ओवी कंपनीच्या यंत्रापुढे गायली, तर त्या ध्वनिमुद्रणाचे उत्पन्न कंपनीच्या नातवंडांपर्यंत जाईल. आजीच्या नातवंडांचा वाटा कोणी लिहून घेतला असेल तरच. अशा स्थितीत ‘सर्वोत्कृष्ट लोकगीत’ हा पुरस्कार प्रत्यक्षात ‘सर्वोत्कृष्ट संपादित लोकगीत’ होईल, आणि संपादित हा शब्द इथे जमीन-संपादनाच्या अर्थाने घ्यावा. वसईच्या बागायतदाराला तो अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मानचिन्ह घ्यायला मंचावर आजीला नेतील, नऊवारीत, चारचाकीतून. तो फोटो कंपनीच्या वार्षिक अहवालात छापला जाईल.

पालघर जिल्ह्याला याच संदर्भात एक आनंदाची गोष्टही आठवते. जव्हार तालुक्यातील नव्वदी ओलांडलेले तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांतून हाताने घडवलेल्या वाद्याचा हा गौरव प्रजासत्ताकाने केला आहे, कोणा रेडिओ कंपनीने नाही, आणि तो फरक मोठा आहे. नागरिकांनी नागरिकाचा केलेला तो मान आहे. त्यात जाहिरातदार नाही. कलावंताला भाकरीइतकाच मान लागतो, हे खरेच आहे. वाद मानाशी नसून मान देऊन मजुरी बुडवण्याशी आहे. तारपा वाजवणारी पुढची पोरे वीटभट्टीवर आणि रेतीच्या कामावर गेली तर पद्मश्रीची सनद घरातल्या भिंतीवर राहील आणि वाद्य माळ्यावर जाईल.

गोंधळ आणखी एका बाजूने वाढवला जातो, तोही ओळखून असावा. कलावंताचे हक्क, कलावंताचे हक्क, असा घोष करत ध्वनिमुद्रिकांच्या मालकांचे वसुलीदार लग्नाच्या सभागृहांत पोचतात. लग्नाची वरात आणि विवाहसंबंधित समारंभ यांना कायद्यात सूट आहे. केंद्र शासनाने जुलै २०२३ मध्ये तसे स्पष्टही केले. गोवा शासनाने त्या आधारे काढलेले परिपत्रक मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ साली रद्द केले. वाद चालू राहील. वसईच्या वधूपित्याने दिलेले शुल्क त्याच मांडवात सनई फुंकणाऱ्याच्या खिशात जात नाही, एवढे तूर्त ध्यानात ठेवले तरी पुरे.

मग करायचे काय? विभाग मागण्याऐवजी नाव मागावे. मुंबईत होणाऱ्या प्रत्येक ध्वनिमुद्रणात कोरस गायकापासून ताशेवाल्यापर्यंत सर्वांची नावे श्रेयनामावलीत घातल्याखेरीज प्रदर्शनाची परवानगी नको, आणि २०१२च्या कायद्यातील ते परंतुक काढून टाकावे, या मागणीला खर्च शून्य आहे. म्हणूनच मालक तिला सर्वाधिक विरोध करतील. जे गीते लिहितात, चाली बांधतात, त्यांनी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासद व्हावे; गायकांची संस्था २०१३ सालीच नोंदली गेली आहे. वसई-विरारमधील किती कलावंतांना हे माहीत आहे? कोळीगीतांच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी पाच हजार रुपये हातावर ठेवून ‘सर्व हक्क कायमचे दिले’ असे इंग्रजीत लिहिलेल्या कागदावर अंगठा किंवा सही घेतली जाते, तेव्हा शेजारी बसून तो कागद मराठीत वाचून दाखवणारा एक कार्यकर्ता असला तर तो शंभर व्याख्यानांचे काम करील.

ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे. २०२४ पासून ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते आणि महिना ५,००० रुपये देते. रक्कम तुटपुंजी आहे आणि निवड जिल्हा समितीच्या मर्जीवर, दरवर्षी ठरावीक संख्येचीच. तरी तो हक्क आहे आणि त्यासाठी कोणाच्या सोहळ्यात नाचावे लागत नाही. अर्जासोबत कलेचा पुरावा जोडावा लागतो. चाळीस वर्षे क्लॅरिनेट वाजवलेल्या माणसाजवळ पुरावा कसला असणार? ना पावती, ना पत्रिका, ना नाव. बँडच्या मालकाने सुपारी घेतली, रोख वाटली, वही फाडली. म्हणून लग्नाच्या बँडमध्ये आणि बेंजो पार्टीत प्रत्येक सुपारीची लेखी पावती व त्यावर वादकांची नावे, ही साधी मागणी त्या माणसाच्या म्हातारपणाशी जोडलेली आहे.

तुळशीचे लग्न लागले की या वादकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. दुपारी एक लग्न, संध्याकाळी दुसरे, मध्यरात्री हळद. तेव्हा त्यांना सभेला बोलावणे व्यर्थ आहे. आषाढ-श्रावणात मात्र सुपाऱ्या नसतात, वाद्यांना दमट हवा लागू नये म्हणून ती कापडात गुंडाळून ठेवलेली असतात आणि वादक घरी भेटतात. वस्त्यावस्त्यांतून त्यांच्या नावांची यादी करण्याचे काम त्या दोन महिन्यांत सहज होण्यासारखे आहे.